देवधर मास्तर आणि आमचा माळवा

उज्जयिनी ही महाकालाची नगरी म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु आम्हा विद्यार्थ्यांना ती तितकीच गुरूंची नगरी वाटते. मंगलनाथाच्या वाटेवर सांदीपनींचा आश्रम आहे. कृष्ण, बलराम आणि सुदामा यांनी येथेच विद्या संपादन केली, अशी परंपरा आहे. बाहेरगावचे पाहुणे आले म्हणजे त्यांना आश्रम दाखविण्याचे काम बहुधा आम्हा मुलांकडे येते. ते पाहुणे कृष्णाविषयी पुष्कळ विचारतात, सुदाम्याविषयीही विचारतात. पण सांदीपनींनी काय शिकविले आणि कसे शिकविले, हे विचारणारा आम्हांस अद्यापि भेटलेला नाही. गुरूच्या वाट्याला बहुधा हेच येते. शिष्याची कीर्ती दिगंतात जाते आणि गुरू तिच्या सावलीत उभा राहतो.

ज्या कविकुलगुरूचे नाव या नगरीशी कायमचे जोडले गेले आहे, त्याने मात्र शिक्षकाचा विचार केला आहे. ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद उपस्थित होतो. त्या प्रसंगी कालिदासाने मोठा मार्मिक भेद सांगितला आहे. कोणाची विद्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, तर कोणाला ती दुसऱ्याच्या ठायी संक्रांत करण्याची हातोटी असते. ज्याच्याजवळ या दोन्ही गोष्टी असतील, त्यालाच शिक्षकांत अग्रस्थान द्यावे, असा त्याचा अभिप्राय आहे. आणि परीक्षा घ्यावयाची ती आचार्यांची नव्हे, तर त्यांच्या शिष्यांची, असे त्या नाटकात ठरते!

या कसोटीला पूर्णपणे उतरणाऱ्या एका संगीतशिक्षकाविषयी आज आम्ही चार शब्द लिहिणार आहोत. त्यांचे नाव प्रोफेसर बी. आर. देवधर. मराठी संगीतसृष्टी त्यांना ‘देवधर मास्तर’ या साध्या नावाने ओळखते. त्यांची जन्मभूमी मिरज आणि कर्मभूमी मुंबई. मग उज्जयिनीच्या मुलांनी त्यांच्याविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहजच येईल. त्याचे उत्तर येथून जेमतेम एका तासाच्या वाटेवर असलेल्या देवासमध्ये आहे. पण त्या उत्तराकडे थोड्या लांबच्या रस्त्याने गेलेले बरे.

आपल्या महाराष्ट्रात ख्यालगायनाची गंगा ज्यांनी आणली, ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर विद्येच्या शोधात लहानपणीच घराबाहेर पडले. या भटकंतीत त्यांनी आमच्याच माळव्यातील धार येथे देवजीबुवांच्या घरी राहून काही काळ शिक्षण घेतले. पुढे ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे त्यांची तालीम पूर्ण झाली. ती विद्या घेऊन ते दक्षिणेत परतले आणि मिरजेस त्यांना एक शिष्य मिळाला. दारूकामात त्या मुलाची दृष्टी दुखावली होती. तोच मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना करून पलुस्करांनी संगीताला दरबारातून आणि कोठीवरून काढून शाळेत आणले. नेमका तास, नेमका अभ्यासक्रम, लिहिलेली स्वरलिपी आणि परीक्षा या गोष्टी आज आम्हांस अगदी साध्या वाटतात. पण त्या काळी गाण्याची अशी शाळा असू शकते, हेच पुष्कळांना पटत नव्हते. त्याच १९०१ साली मिरजेत देवधरांचा जन्म झाला आणि यथाकाल ते पलुस्करांचे शिष्य झाले.

पलुस्करांचा शिष्य म्हटला म्हणजे तो भजन गाईल, ख्याल गाईल, फार तर स्वतःची एक शाळा काढील, अशी कोणाचीही कल्पना होईल. देवधरांनी शाळा काढलीच. १९२५ साली मुंबईत त्यांचे ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ सुरू झाले. परंतु त्याबरोबरच त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मुंबईत जिओव्हानी स्क्रिन्झी नावाचे एक इटालियन संगीततज्ज्ञ होते. त्यांच्यापाशी बसून देवधरांनी पाश्चात्त्य संगीताचा रीतसर अभ्यास केला.

ही गोष्ट किती धाडसाची होती, हे समजण्यासाठी पियानोकडे क्षणभर पाहावे लागेल. पियानो हे वाद्य सन १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या इटालियन कारागिराने सिद्ध केले. पट्टी दाबली की आत लहानशी हातोडी तारेवर आदळते आणि स्वर उमटतो. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात आणि त्या बारांमधील अंतरे अगदी सारखी वाटून दिलेली असतात. आपल्या गवयाचा गळा मात्र या बारा घरांत मावत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर तो मींड घेत जातो. दरबारी कानड्याचा गंधार आंदोलित करतो. ते आंदोलन कोणत्याही पट्टीवर सापडणे शक्य नाही. म्हणून पियानो आणि त्याची धाकटी चुलत बहीण, म्हणजे आपली बाजाची पेटी, यांच्याविषयी शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रात फार मोठा वाद झाला. आकाशवाणीने तर १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ पेटीला आपले दार बंद ठेवले होते.

उलट पक्षी, पाश्चात्त्यांनी त्या बारा पट्ट्यांतून जे उभारले, तेही लहानसहान नव्हते. एकाच वेळी अनेक स्वर वाजवून त्यांचा मेळ साधणे, शेकडो वादकांना कागदावरील चिन्हांच्या बळावर एकत्र चालविणे, आवाज कसा उत्पन्न होतो याचा शरीरशास्त्राच्या आधारे विचार करणे, या विद्या त्यांनी शतकानुशतके वाढविल्या होत्या. देवधरांनी त्या समजून घेतल्या, पण आपल्या गाण्यावर त्या लादल्या नाहीत. त्यांनी ख्यालाला पियानोच्या साच्यात घातले नाही, की पियानोला परका म्हणून हिणविलेही नाही. आवाजाची जोपासना हा मात्र त्यांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचा विषय झाला. गळा ‘तयार’ करणे म्हणजे तो ओढूनताणून फाडणे नव्हे, हे त्यांनी कित्येक विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविले.

परक्याचे ऐकून घेण्याची ही वृत्ती त्यांनी घरच्या बाबतीतही तशीच ठेवली, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. त्या काळी घराण्यांच्या भिंती फार उंच होत्या. एका उस्तादाचा गंडा बांधलेल्या शिष्याने दुसऱ्याचे गाणे मन लावून ऐकणे हादेखील कित्येकांना अपराध वाटे. देवधरांच्या शाळेत मात्र सर्व घराण्यांचे गवई येत, बसत, गात आणि बोलत. मास्तर त्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्या चिजा टिपून घेत, त्यांच्या आयुष्याच्या हकीकती ऐकत. ‘थोर संगीतकार’ या त्यांच्या ग्रंथात अल्लादिया खाँ, बडे गुलाम अली खाँ यांच्यासारखे कलावंत हाडामांसाची माणसे म्हणून आपल्याला भेटतात. ज्यांचे सगळे शास्त्र गळ्यात होते आणि ज्यांच्याबरोबर ते विरून गेले असते, अशांचे पुष्कळसे धन या एका शिक्षकाच्या कुतूहलामुळे मराठी वाचकांसाठी शिल्लक राहिले. ‘रागबोध’ ही त्यांची पुस्तकमाला विद्यार्थ्यांच्या हाती आली; ‘संगीत कला विहार’ मासिकाचे संपादन त्यांनी वर्षानुवर्षे केले; काशी हिंदू विद्यापीठातील संगीत महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी भूषविले. १९७६ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. १९९० साली ते दिवंगत झाले.

परंतु कालिदासाने सांगितल्याप्रमाणे परीक्षा शिष्याची घ्यावयाची आहे. तिकडेच आता वळू.

१९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये देवधरांनी भरविलेल्या संगीत परिषदेत एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा गाण्यास बसला. बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा हा शिवपुत्र कोमकळी. लहानपणीच एका स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली होती आणि तेच त्याचे नाव होऊन बसले होते. थोरामोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. तान तीच, हरकत तीच, आवाजाचा पोतही तोच. मोठमोठे गवई त्याचे गाणे ऐकून थक्क झाले. हा मुलगा पुढे शिकण्यासाठी देवधर मास्तरांपाशी आला.

येथे शिक्षकासमोर एक विलक्षण पेच उभा राहतो. ज्याला काही येत नाही, त्याला शिकविणे सोपे. पण ज्याला सगळ्यांचे सगळे येते आणि स्वतःचे मात्र अजून काही नाही, त्याला काय शिकवावे? त्या मुलाची नक्कल ऐकण्यासाठी लोक पैसे देऊन येत होते. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने त्या नकलेवर आपल्या घराण्याची मुद्रा उमटवून त्याला गावोगाव फिरविले असते. देवधरांनी त्याला शाळेत बसविले. सुमारे अकरा वर्षे कुमार तेथे शिकले आणि हळूहळू शिकवूही लागले. रागाचे स्वरूप काय, बंदिशीची ठेवण अशीच का, अमुक स्वरावर ठेहराव का घ्यावा, हे प्रश्न तेथे विचारता येत असत. मास्तरांनी त्यांना इतरांपासून दूर ठेवले नाही. अंजनीबाई मालपेकर यांच्यासारख्या थोर गायिकेचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. अनेकांचे ऐकल्यावर कोणा एकाची नक्कल करणे कठीण होते; मग माणसाला स्वतः निवड करावी लागते. देवधरांनी आपल्या शिष्याला निवड करण्यास शिकविले, असे आम्हांस वाटते.

या शिक्षणाची खरी कसोटी मुंबईत झाली नाही; ती आमच्या माळव्यात झाली. १९४७ साली कुमारांचा विवाह देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी झाला. त्याच सुमारास त्यांना क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या आरंभी ते देवासला येऊन राहिले. एका फुप्फुसाची फार हानी झाली होती. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. वय अवघे चोवीस, नाव देशभर झालेले आणि गवयाला गाण्याची बंदी! भानुताईंनी शाळेत अध्यापन करून संसार सांभाळला, रुग्णाची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नव्याने उपलब्ध झालेले औषध कामास आले आणि प्राण वाचले. पण सुमारे पाच वर्षे गळा मुका राहिला.

अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसापाशी एकच गोष्ट उरली होती आणि ती म्हणजे ऐकणे. देवासच्या टेकडीखाली त्याच्या कानी काय काय येत असे! लग्नसराईत बायकांनी म्हटलेली माळवी गाणी, सणावारांची गाणी, पावसाळ्याची गाणी, नाथपंथी साधूंची निर्गुणी भजने. आम्हां उज्जयिनीकरांच्या घरात मराठी, अंगणात माळवी आणि बाजारात हिंदी चालते. त्यामुळे ही गाणी आमच्याही कानांवरून नित्य जातात. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुना ऐकून ‘खेड्यातले गाणे’ म्हणून पुढे जाणारेच अधिक. कुमारांनी त्या धुनांत रागांची बीजे पाहिली. राग प्रथम शास्त्रात जन्मास येत नाही, तो लोकांच्या ओठांवर जन्मतो, हे त्यांना त्या शांततेत उमगले. १९५३ साली ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा त्यांच्या गाण्यात कोणाचीही नक्कल शिल्लक राहिली नव्हती. लांबलचक दमसासाची जागा लहान, धारदार स्वरवाक्यांनी घेतली होती. धुनांतून उमललेल्या रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटले. मालवती, लगनगंधार, संजारी ही त्यांतील काही नावे. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांनी आपल्या बंदिशी स्वरलिपीसह लिहून ठेवल्या. लिहून ठेवण्याची ही शिस्त पलुस्करांकडून देवधरांकडे आणि देवधरांकडून त्यांच्याकडे आली होती, हे सांगावयास नकोच.

याचा अर्थ कुमारांनी जुन्यांना टाकून दिले, असा नव्हे. पुढे त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. त्या नावातील ‘उमजलेले’ हा शब्द आम्हांस फार आवडतो. एके काळी कोणाचेही गाणे हुबेहूब उचलणारा मुलगा प्रौढपणी बालगंधर्वांचे गाणे गाऊ लागला, तेव्हा त्याने आवाज उचलला नाही, त्या गाण्यामागचा विचार उचलला. त्या दोन्ही गाण्यांमध्ये जे अंतर आहे, तेच देवधरांच्या शाळेचे फळ होय.

१९६१ साली भानुताई निवर्तल्या. पुढे ज्यांनी कुमारांना संसारात आणि मैफलीत साथ दिली, त्या वसुंधराताईही देवधर मास्तरांच्याच शिष्या. १९९२ साली कुमार गेल्यावरही २०१५ पर्यंत त्यांनी देवासच्या ‘भानुकुल’ या घरातून विद्यादान केले. म्हणजे मुंबईतील एका शिक्षकाचे तीन विद्यार्थी आमच्या शेजारच्या गावात आले, राहिले आणि येथील मातीत मिसळून गेले. धार आणि ग्वाल्हेर येथून जी विद्या बाळकृष्णबुवांबरोबर दक्षिणेस गेली होती, ती मिरज आणि मुंबई अशी फिरून, वाटेत एका इटालियन पंडिताचीही भेट घेऊन, अखेर माळव्यात परत आली. देवधर मास्तर आमचे कसे, याचे उत्तर हे असे आहे.

आता थोडे आमच्याविषयी. दहावीचे वर्ष आले की आमच्यापैकी कित्येकांच्या घरी गाण्याचा क्लास बंद करण्याची चर्चा सुरू होते. वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे, असे आम्ही म्हणत नाही. गुणांची शर्यत कठीण आहे आणि दिवसाचे तास मोजकेच. पण एकदा मिटलेली पेटी पुन्हा उघडत नाही, हे आम्ही आमच्या दादा-ताईंच्या बाबतीत पाहिले आहे. अशा वेळी देवासच्या त्या खोलीची आठवण आम्हांस धीर देते. गळा पाच वर्षे बंद होता, पण कान बंद नव्हते. परीक्षेच्या वर्षी गाणे थांबवावे लागले, तर थांबवावे. ऐकणे मात्र थांबवू नये. पहाटे महाकालाच्या भस्मारतीचा घोष, क्षिप्रेच्या घाटावरचे भजन, शेजारच्या घरी लग्नात आजीबाईंनी म्हटलेले माळवी गीत, हे ऐकण्यास पुस्तक बाजूला ठेवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट नकलेची. हल्ली भ्रमणध्वनीवर कोणतेही गाणे क्षणात मिळते आणि स्नेहसंमेलनात जो ते अधिक हुबेहूब म्हणेल, त्याला टाळ्या अधिक मिळतात. आता तर यंत्रेही कोणाच्याही आवाजाची नक्कल करू लागली आहेत. नक्कल ही शिक्षणाची पहिली पायरी आहे, यात शंका नाही. कुमारांनीही तेथूनच आरंभ केला. पण यंत्र ज्या पायरीवर पोचले आहे, त्या पायरीवरच आपण थांबलो, तर शिकलो ते काय? आमच्यापैकी एखाद्याने आपल्या आजीच्या ओवीला स्वतः चाल लावावी, एखादीने माळवी धून इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर शोधून पाहावी, त्या बारा पट्ट्यांत जे सापडत नाही ते गळ्याने भरून काढावे. की-बोर्ड परका म्हणून घरात नको, असे म्हणणाऱ्यांना देवधर मास्तरांचे चरित्र सांगावे. आणि की-बोर्ड आला म्हणजे तंबोऱ्याची गरज सरली, असे म्हणणाऱ्यांनाही तेच सांगावे.

आणि तिसरी गोष्ट शिक्षकांविषयीची. गावोगावी असे संगीतशिक्षक आहेत की ज्यांची नावे कोणत्याही ग्रंथात येणार नाहीत. फुटकी पेटी, चार तबले आणि आठवड्यातून एक तास एवढ्या सामग्रीवर ते शेकडो मुलांना सा लावण्यास शिकवितात. त्यांपैकी कोणाच्या हातून उद्या एखादा कुमार घडेल, हे त्यांना ठाऊक नसते आणि बहुधा आम्हांसही नसते. देवधर मास्तरांनाही १९३६ साली देवासचे पुढील गाणे कोठे ऐकू येत होते? त्यांनी दार उघडे ठेवले, आलेल्याला बसवून घेतले, त्याला पुष्कळ ऐकविले आणि वेळ येताच त्याला त्याच्या वाटेने जाऊ दिले. सांदीपनींच्या आश्रमात पाहुण्यांना घेऊन जाताना यापुढे आम्ही कृष्णाच्या गोष्टीबरोबर गुरूंचीही गोष्ट सांगणार आहोत. आणि पाहुण्यांना वेळ असेल, तर देवासचा रस्ताही दाखविणार आहोत.